सोमवारची बैठक

इसामुने यंत्र बंद केलं तेव्हा कुठे त्याला हाका ऐकू आल्या. संत्र्यांच्या बागेच्या तळाशी, दगडी बांधाला धरून नोगामीआजी उभी होती. बाग तिची. चढावर पेट्या वाहणारी रुळगाडी ऐन तोडणीत अडली होती, म्हणून तिनेच त्याला सकाळी बोलावून घेतलं होतं. त्याला वाटलं, म्हातारी घाई करायला आली.

"झालंय, आजी. चाकाचे दाते झिजले होते. आता धावेल," तो वरूनच म्हणाला.

"गाडी मरू दे. फुसाए पडली दुकानात. खाली ये."

बायकोचं नाव ऐकताच हत्यारं तिथेच टाकून तो उतरला. आजीच्या छोट्या ट्रकमध्ये दोघं बसली आणि शहरातल्या हॉस्पिटलपर्यंत आजी एक शब्द बोलली नाही. गप्प बसणाऱ्यांतली ती बाई नव्हती. त्यावरून इसामुने काय ते ओळखलं.

डॉक्टर तरुण होता. मान खाली घालून म्हणाला, मेंदूतली शीर फुटली, त्यांना फार काही कळलं नसेल. इसामुनेही मान खाली घातली आणि तुम्हाला त्रास दिला असं म्हणाला. नर्सने फुसाएचा चष्मा त्याच्या हातात ठेवला. हातांना ग्रीस होतं, ते काचांना लागलं. पुसायला गेला तर जास्तच पसरलं.

घरी परतला तेव्हा संध्याकाळ झाली होती. खालच्या मजल्यावर फुसाएचं सलून. दारावर सलूनची खूण म्हणून लावलेला पट्टेरी खांब अजून फिरत होता. तो बंद करायचं कुणालाच सुचलं नव्हतं. इसामुने बटण दाबलं. आत खुर्चीखाली पोस्टमनचे केस पडले होते. त्याचेच केस कापता कापता ती खाली बसली, ती उठलीच नाही. पोस्टमननेच अँब्युलन्स बोलावली होती.

मागे स्वयंपाकघरात गॅसवर किटली होती. पाण्याने भरलेली आणि गार. इसामुने ती जराशी हलवून पाहिली आणि तशीच राहू दिली.

अंत्यविधीला सगळं गाव आलं. पोस्टमनने दारात टोपी काढली. त्याच्या डोक्याची डावी बाजू बारीक कापलेली होती आणि उजवीकडे केस कानावर आले होते. मधल्या दोन दिवसांत दुसऱ्या कुणाकडे जाऊन त्याने ते नीट करून घेतले नव्हते. कुणी हसलं नाही. फुसाएकडे कविता शिकायला येणारी गावातली मुलं एका रांगेत बसली होती आणि त्यांतला एरवी क्षणभर स्वस्थ न बसणारा तेप्पेई गुडघ्यांवर हात ठेवून समोरच्या फोटोकडे एकटक बघत होता.

फुसाए मुलांना कविता करायला शिकवू लागली ती कवितेच्या ओढीने नव्हे, मुलांच्या कानांच्या काळजीने. अंगावर पांढरं कापड टाकलं की पोरं वळवळायची. कात्री कानाजवळ आली की हमखास मान वाकडी व्हायची. रागावून झालं, गोळ्या देऊन झाल्या, आरशात माकड दाखवते म्हणूनही झालं. मग एकदा एका मुलाला ती सहज म्हणाली, येताना वाटेत काय दिसलं ते मला सांग, पण पाच अक्षरांत. मुलगा विचारात पडला. कापडाखाली त्याची बोटं हलायला लागली. डोकं मात्र अगदी स्थिर. पाच झाली, तेव्हा तिने पुढची सात मागितली, मग पुन्हा पाच. तोवर मागची बाजू कापून झाली होती.

पाच, सात, पाच हा हिशेब त्यांच्या देशात सगळ्यांच्याच कानात बसलेला असतो, पण मुलांच्या बोटांत तो बसवला फुसाएने. पुढे पुढे आपली पाळी येईस्तोवर बाकावर बसलेली मुलंसुद्धा बोटं मिटू-उघडू लागली. मोठी माणसं वर्तमानपत्राआडून बघत आणि हळूच आपलीही बोटं मोजत.

तिचे नियम थोडे होते आणि पक्के होते. आपल्या डोळ्यांनी पाहिलेलंच घ्यायचं. दिवस कुठले आहेत, थंडीचे की उन्हाळ्याचे, ते त्यात दिसायला हवं. आणि "सुंदर" म्हणायचं नाही. "काय होतं तेवढं सांग," ती म्हणे. "सुंदर होतं का ते ऐकणारा बघेल."

पहिलीत होता तेव्हा तेप्पेई सिंहावर कविता घेऊन आला. सिंह कुठे पाहिलास, तिने विचारलं. टीव्हीवर. त्याच्या अंगाला वास कसला येत होता? तेप्पेई आठवायला लागला. तिने केस झटकून कापड काढलं आणि म्हणाली, आता बंदरावरच्या धक्क्यापर्यंत जा आणि परत ये, काय होतं ते बघ. पोरगा पळत गेला, पळत आला, आणि दारातूनच कुरकुरला की बाई, काहीच नव्हतं, नुसता वारा होता आणि कान गार पडले.

"मग तेच तर आहे," ती म्हणाली. "मोज."

बराच वेळ बाकावर बसून त्याने मोजलं. मग उभा राहून म्हणाला:

केस कापले
वाऱ्याला आज माझे
कान दिसले

बाकावरचा पोस्टमन हसला. फुसाए हसली नाही. तिने कात्री खाली ठेवली, तेप्पेईसमोर उकिडवी बसली आणि त्याला ते पुन्हा म्हणायला लावलं. त्याच दिवशी तिने ठरवलं की सोमवारी सलून बंद असतं, तर शाळा सुटल्यावर मुलांना बोलवायचं.

सोमवारची बैठक गावातल्या मोठ्या माणसांच्या कविमंडळासारखीच चाले. प्रत्येकाने एकेका चिठ्ठीवर कविता लिहायची, नाव घालायचं नाही. चिठ्ठ्या मिसळून वाटायच्या आणि हाती आलेली चिठ्ठी आपल्या अक्षरात एका मोठ्या कागदावर उतरवायची, म्हणजे अक्षरावरूनही कुणी ओळखू नये. मग ज्याने त्याने आवडलेली निवडायची, स्वतःची सोडून. निवडलेली कविता वाचली की ज्याची असेल त्याने तिथल्या तिथे आपलं नाव सांगायचं. तोवर कुणाला काही ठाऊक नसे. फुसाएही आपली एक चिठ्ठी त्यात टाकी. ती ओळखायची मुलांची चढाओढ चाले आणि बहुतेक वेळा मुलं चुकत.

नाव ज्याचं त्यानेच सांगायचं, यावर ती फार कडक होती. हिनाको नावाची एक मुलगी इतकी लाजरी की शाळेत हजेरीलाही तिचा आवाज निघत नसे. एकदा तिची कविता वाचली गेली आणि ती गप्पच बसली. न्यायला आलेल्या आईने दारातून सांगून टाकलं, अहो, आमच्या हिनाकोची आहे ती.

"वहिनी, थांबा," फुसाए म्हणाली. "ओळी तिने केल्यात. नावही तीच सांगेल."

सगळे थांबले. आई ओशाळली, मुलं कंटाळली, तेप्पेईने जांभई दिली, बाहेर दिवे लागले. फुसाए हात मांडीवर ठेवून बसली होती. शेवटी हिनाको आपल्या गुडघ्यांकडे बघत "हिनाको" म्हणाली आणि फुसाएने नुसती मान हलवली. नाव आल्याशिवाय बैठक उठत नाही, हा नियम त्या दिवसापासून झाला.

तेप्पेईचं उलटं. ओळी पुरत्या वाचून व्हायच्या आत तो आपलं नाव ओरडे. एकदा तर दुसऱ्याच्याच कवितेवर ओरडला. ती नोगामीआजीच्या नातीची, चिगुसाची होती. चिगुसा सहावीतली आणि जिभेने आजीवर गेलेली. तिने त्याला तिथेच चोर ठरवलं. तेप्पेई रडकुंडीला आला. चोरायची नव्हती, ऐकताना ती आपलीच वाटली, एवढंच त्याला सांगता आलं. फुसाएने चिगुसाला गप्प केलं आणि त्याला म्हणाली, इतकी आवडली ना, मग आता तशी एक तू कर.

हे सगळं इसामु मागच्या खोलीत चहा पीत ऐके. डोंगरावरून काम संपवून तो मागच्या दाराने येई तेव्हा चहा तयार असे. वर्षानुवर्षं असे. त्यामुळे त्यात त्याला काही वाटतच नसे. तो बैठकीत कधी बसला नाही. तिने एकदा आग्रह केला होता.

"एक तरी करा की हो."

"माझं एक बोट रुळगाडीनं खाल्लंय. पाचाला चारच भरतील."

"डाव्या हाताचं शाबूत आहे ना? त्यावर मोजा."

तो हसण्यावारी नेत राहिला. तिने पुन्हा विचारलं नाही, पण दर सोमवारी एक कोरी चिठ्ठी जास्तीची कापून ठेवायची ती ठेवतच राहिली.

ती गेल्यावर त्याने सलून मोडायचं ठरवलं. त्याला कात्री धरता येत नव्हती आणि रिकाम्या खुर्चीजवळून दिवसातून चारदा जाणंही होईना. शहरातला एक माणूस जुनं सामान घेई, त्याला त्याने फोन केला. माणूस म्हणाला, महिनाअखेरीला येऊन खुर्ची आणि आरसे घेऊन जातो. इसामु बरं म्हणाला. देव्हाऱ्यात तिच्या फोटोशेजारी अस्थींचा कलश होता. त्याने तिलाही ते सांगितलं. नंतर उगाच वाटलं की फार घाईने सांगितलं.

एका सोमवारी दुपारी दार वाजलं. चिगुसा आणि तेप्पेई दप्तरं पाठीवर घेऊन उभी होती.

"आजोबा, बैठकीचा कागद कंगव्यांच्या खणात आहे," चिगुसा म्हणाली.

त्याला काही कळेना. तिने समजावून सांगितलं की शेवटच्या बैठकीत फक्त उतरवून झालं होतं. उशीर झाला म्हणून निवड पुढच्या सोमवारवर टाकली होती, आणि तो सोमवार आलाच नाही.

"बाई नाहीत आता," इसामु म्हणाला. "घरी जा बाळांनो."

"बाई नाहीत ते माहितीय," चिगुसा म्हणाली. "पण आमची नावं अडकलीत ना आत."

"माझी कुणी निवडली का तेही कळलेलं नाही," तेप्पेई म्हणाला. "मी घरीसुद्धा कुणाला सांगितलेली नाही. पोट दुखायला लागलंय."

इसामुला हसू आलं. किती दिवसांनी आलं ते त्याच्या ध्यानात आलं आणि ते लगेच मावळलं. पुढच्या सोमवारी सगळे या, तो म्हणाला. एकदाच. मग खुर्ची जाणार आहे. मग संपलं.

त्या सोमवारी त्याने सलून झाडून काढलं. मुलं नेहमीसारखी जमिनीवर बसली. पोस्टमनही टपालाची फेरी संपवून बाकावर येऊन बसला. उजवीकडचे केस अजून डावीकडच्यापेक्षा लांब होते. खुर्चीवर कुणी बसलं नाही. तेप्पेई चढू बघत होता, त्याला चिगुसाने कॉलर धरून खाली ओढलं. वाचायचं काम तिने आपणहून घेतलं. इसामु मागच्या खोलीत जायला निघाला तर मुलांनी अडवलं. बैठकीत आहे त्याने निवडलं पाहिजे. पोस्टमन म्हणाला, बसा हो, मलाही सोडलं नाही यांनी.

तो बसला. कागदावरच्या ओळी मुलांच्या वेड्यावाकड्या अक्षरात होत्या आणि त्याचा चष्मा वरच्या मजल्यावर राहिला होता. नीट वाचता आली ती पहिलीच कविता त्याने निवडली. इतरांनी आपापल्या निवडी चिगुसाला सांगितल्या आणि ती वाचू लागली.

संत्रं सोललं
गणिताच्या वहीला
वास लागला

"हिनाको," हिनाको म्हणाली. हळू म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. फुसाए असती तर मान हलवली असती. इसामुने पाहिलं, चिगुसाने अगदी तशीच मान हलवली होती.

मग इसामुने निवडलेली आली.

गाडी अडली
आजीची शिवी गेली
समुद्रापार

"तेप्पेई!" तेप्पेई तिसऱ्या ओळीच्या आधीच उठला होता. चिगुसाने कागद खाली घेतला. आमच्या आजीचं आहे हे, ती म्हणाली, आणि आजी असल्या शिव्या देतच नाही. इसामुने शांतपणे सांगितलं की गाडी त्याआधीही एकदा अडली होती, तेव्हा गाडीखाली तो स्वतः होता आणि कविता खरी आहे. पोस्टमन डोळे पुसेपर्यंत हसला. तेप्पेई सगळ्यांकडे बघत उभाच राहिला, खाली बसायचं त्याला भानच नव्हतं.

एकेक नाव येत गेलं. चिगुसाचं आलं, पोस्टमनचं आलं नाही, कारण त्याने चिठ्ठीच टाकली नव्हती. शेवटी एक राहिली. ती सगळ्यात जास्त जणांनी निवडली होती. चिगुसाने ती वाचली.

थंडीची सांज
वर यंत्र थांबलं
चहा ठेवते

कुणी नाव सांगितलं नाही. चिगुसाने सवयीने सगळ्यांकडे पाहिलं. मुलं एकमेकांकडे बघू लागली. मग हळूहळू बघायची थांबली. नाव आलं नाही तर एकदा पुन्हा वाचायची पद्धत होती. तिने पुन्हा वाचलं, या खेपेला सावकाश.

इसामुच्या डाव्या हाताची बोटं मांडीवर मिटत होती. पाच भरली. सात भरली. पुन्हा पाच भरली. वर डोंगरावर यंत्राचा आवाज थांबला की तो खाली गावात कळतो, हे त्याच्या कधी मनात आलं नव्हतं. हत्यारं गोळा करायची, बांध उतरायचे, रस्ता ओलांडायचा. तेवढ्यात पाणी उकळत असणार. म्हणजे केस कापताना, केर काढताना, मुलांची अक्षरं मोजताना ती तो आवाज ऐकत होती. आणि त्या दिवशी किटली भरून ठेवलेली होती, यंत्र थांबायची वाट बघत.

मुलं थांबली होती. त्यांना शिकवलं होतं तशी, हात मांडीवर ठेवून. हिनाको सगळ्यांत ताठ बसली होती. पोस्टमनने टोपी काढून हातात घेतली.

तेप्पेई गुडघ्यांवर सरकत इसामुजवळ आला. "आजोबा, तुम्ही घ्या ना नाव," तो कुजबुजला. "तुमचं चालेल."

"नाही चालत," चिगुसा म्हणाली, पण तिचा आवाज नेहमीसारखा चढा नव्हता. "ज्याचं त्यानं."

इसामुने तोंड उघडलं. नाव ओठांशी आलं होतं. एवढा मोठा संसार झाला, पण तिला नावाने त्याने फार थोड्या वेळा हाक मारली होती. अगं म्हटलं की ती येई. त्याने तोंड पुन्हा मिटलं. ओळी तिने केल्या होत्या.

"बरोबर आहे चिगुसाचं," तो म्हणाला. "थांबू या."

ते थांबले. खुर्चीच्या पाठीवर पांढरं कापड घडी घालून ठेवलं होतं. बाहेर संत्र्यांच्या पेट्यांनी भरलेला ट्रक धक्क्याकडे गेला. मग वर डोंगरावर नोगामीआजीची रुळगाडी घरघरत होती ती एकाएकी बंद झाली आणि सगळ्यांनी एकदमच माना वर केल्या.

इसामु उठला. मागे जाऊन त्याने ती किटली उचलली. गेले कित्येक दिवस तो पातेल्यात पाणी तापवून घेत होता, किटलीला त्याने हात लावला नव्हता. आतलं पाणी ओतून त्याने ताजं भरलं आणि गॅस पेटवला. कपबशा पुरेनात, तर पेले घेतले. पहिला पेला देव्हाऱ्यात ठेवला आणि मग मुलांना दिले. चहा कडू झाला होता. तेप्पेईने तोंड वाकडं केलं आणि चिगुसाने त्याला कोपर मारलं, तेव्हा त्याने सगळा पिऊन टाकला.

नाव काही आलं नाही. पेले धुऊन झाले आणि हिनाकोची आई दाराशी येऊन उभी राहिली. तिने आत डोकावून पाहिलं आणि या वेळी ती काहीच बोलली नाही.

"मग बैठक संपली का?" तेप्पेईने विचारलं.

"कशी संपेल? नाव कुठे आलंय?" चिगुसाने कागदाची घडी केली आणि तो कंगव्यांच्या खणात परत ठेवला. मग इसामुकडे न बघता म्हणाली, "पुढच्या सोमवारी येतो आम्ही. तोवर नवीन चिठ्ठ्या पण करून आणतो. चालेल ना?"

इसामुने तिला खणातल्या कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या. एक राहिली. ती त्याने खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्याने शहरातल्या माणसाला फोन करून सांगितलं की खुर्ची न्यायला इतक्यात येऊ नका. माणसाने कारण विचारलं. बैठक चालू आहे, एवढंच इसामु म्हणाला.

मुलं दर सोमवारी येतात. नव्या कविता होतात, नावं सांगितली जातात, आणि शेवटी चिगुसा खणातून तो जुना कागद काढून त्या तीन ओळी वाचते. सगळे थांबतात. त्या ओळींचं नाव अजून यायचं आहे.